डावे सुकाणू : सुट्टीत भाड्याने घेतलेल्या शिडाच्या बोटीचे एक प्रकरण

हे प्रकरण मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाक येथे, जुलै महिन्यातील एका दुपारी घडले. त्यात कोणाला इजा झाली नाही, बोटही फुटली नाही, आणि वाळूवरून बोट ढकलल्यापासून परत वाळूवर ओढेपर्यंतचा सारा वेळ दीड तासाहून कमी होता. तरीही ते सविस्तर लिहावे असे वाटले, कारण सुट्टीच्या ठिकाणी तासाच्या भाड्याने छोट्या शिडाच्या बोटी घेणारे बहुतेक लोक अगदीच नवखे नसतात. त्यांना कुठली तरी एक बोट चांगली चालवता येत असते. त्या दुपारी अडचणीत आलेला माणूस, म्हणजे मी, असाच होता, आणि अडचणीचे मूळ अज्ञानात जितके होते तितकेच त्या जुन्या, पक्क्या झालेल्या सवयीत होते.

माझी पार्श्वभूमी प्रथम सांगतो. मुंबईच्या बंदरात मी सुमारे 20 वर्षे हौसेने शिडाच्या बोटी चालवत आलो आहे. त्यांतील बहुतेक काळ एंटरप्राइझवर आणि उरलेला लेझरवर. एंटरप्राइझ ही जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखलेली दोघांची बोट असून ती 4.04 मीटर लांबीची असते आणि तिची निळी शिडे मुंबईकरांना परिचित आहेत. लेझर ही ब्रूस कर्बी यांनी आखलेली, एका शिडाची, एकट्याने चालवण्याची बोट. दोन्ही एकाच हलच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणारे एकच लांबट अंग असलेल्या, बोटी आहेत आणि दोन्हींच्या पोटातून एक पाते पाण्यात खाली उतरते, ज्याच्याभोवती बोट वळते. सोबत माझी 19 वर्षांची भाची होती. तिने दोन हंगाम एंटरप्राइझवर पुढच्या जागी बसून जिब, म्हणजे पुढचे लहान शीड, सांभाळले होते. मॉरिशसमधल्याच व्हाक्वा येथील मराठी स्नेह्यांकडचे कार्य आटोपून आम्ही चार दिवस समुद्रकाठी राहिलो होतो.

त्या किनाऱ्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मॉरिशसला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे आणि भिंतीच्या आत उथळ, शांत, हिरवट निळे पाणी आहे. भिंतीत ठिकठिकाणी खिंडी आहेत. तेथील लोक त्यांना ‘पास’ म्हणतात. बेटावर वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जून ते सप्टेंबर या तेथील हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. पूर्व किनाऱ्यावर हे वारे समुद्राकडून जमिनीवर येतात, तर पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे फ्लिक-आँ-फ्लाकला, ते उसाच्या शेतांवरून आणि डोंगरांवरून येऊन समुद्राकडे निघून जातात. पुळणीवर आपल्या कोकणात असतात तशीच सुरूची झाडे आहेत. त्यांच्या आडोशाला उभे राहिले की वारा नाहीच असे वाटते, पाण्यावर तरंगही उठत नाही. दोनशे-तीनशे मीटर आत गेले की आडोसा संपतो आणि वारा अंगावर येतो. भिंतीच्या पलीकडे पश्चिमेला मादागास्करपर्यंत 900 किलोमीटरच्या आसपास मोकळा समुद्र आहे.

कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या मनात दुपारचा वारा म्हणजे खारा वारा, समुद्राकडून जमिनीकडे येणारा. बोट बिघडली, दोरी तुटली, तरी तो वारा तुम्हाला पुळणीवरच आणून टाकतो. मुंबईच्या बंदरात वारा शहरावरून येतो तेव्हाही पलीकडे उरण आहे, न्हावा आहे, घारापुरी आहे. वाहत गेलेली बोट शेवटी जमिनीलाच लागते. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा धोक्याचा असतो हे मी पुस्तकात वाचले होते आणि दुसऱ्यांना शिकवलेही होते. मात्र त्या वाऱ्यात, पलीकडे काहीही नसताना, मी कधी बोट चालवली नव्हती, आणि पुळणीवरचे ते नितळ पाणी पाहताना शिकवलेले काही आठवले नाही.

बोटींच्या छपराखाली एक लेझर आणि दोन होबी 16 होत्या. आम्ही दोघे असल्यामुळे होबी घेतली. होबी 16 ही जोडहलची बोट आहे. होबी ऑल्टर या कॅलिफोर्नियातील सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसाच्या कारखान्यातून ती पहिल्यांदा आली आणि गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत जगभरच्या पुळणींवर पसरली. लांबी 5.05 मीटर, रुंदी 2.41 मीटर, वजन सुमारे 145 किलो, दोन हलांच्या मध्ये ताणलेले जाळीदार कापड, आणि प्रत्येक हलच्या मागे एक अशी दोन सुकाणू. तिला पोटातून उतरणारे पाते नाही. हल केळ्यासारखे बाकदार असून आडवे घसरण्याला तेच विरोध करतात, त्यामुळे ती सरळ वाळूवर चढवता येते. सुकाणूची पातीही वाळूला लागताच वर उचलली जातील अशी बसवलेली असतात. (अशा बोटीला कॅटॅमरॅन म्हणतात. तो शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून, म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांवरून, आला आहे, आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावरचा शब्द इतका फिरून पुन्हा आपल्यापुढे यावा याचे मला फार अप्रूप वाटते.)

बोटी भाड्याने देणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे होते. ते क्रिओल बोलत आणि आमच्याशी इंग्रजी व हिंदी मिसळून बोलले. त्यांनी विचारले, “शीड चालवता येते ना?” मी म्हणालो, “हो, वीस वर्षे झाली.” त्यांनी कागदावर सही घेतली, जीवरक्षक जाकिटे दिली, खिंडीकडे हात दाखवून “तिकडे जायचे नाही” असे सांगितले, आणि आम्ही पाचपर्यंत परतू हे वहीत लिहून घेतले. हलांची बुचे मी स्वतः तपासली. ओहोटीबद्दल मी विचारले आणि उत्तराने निश्चिंत झालो, कारण तेथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास असतो आणि मुंबईत उधाणाच्या दिवशी तो 5 मीटरच्या घरात जातो. पाण्याचा ओढ म्हणजे भरती-ओहोटी, हे समीकरण माझ्या डोक्यात इतके घट्ट होते की दुसरे काही विचारावे असे सुचलेच नाही.

सव्वातीनला आम्ही बोट ढकलली. आडोशात दोन्ही शिडे लोंबत होती, म्हणून मुख्य शिडाची दोरी, म्हणजे मेनशीट, मी घट्ट ओढून खाचेत अडकवून ठेवली. वारा पाठीमागून डावीकडून होता आणि बोट आवाज न करता पश्चिमेला सरकू लागली. भाची वाकून खालचा प्रवाळ पाहत होती. सुकाणूचा दांडा मला जड लागला, सतत आपल्याकडे ओढून धरावा लागत होता. एंटरप्राइझवर असे झाले असते तर मी लगेच मागे वळून पाहिले असते. येथे मनात आले, की दोन सुकाणू आहेत, कॅटॅमरॅन अशीच असणार.

या प्रकरणाचा गाभा मला याच क्षणात दिसतो. अनोळखी बोटीत बिघाड कोणता आणि बोटीचा स्वभाव कोणता हे ओळखता येत नाही. ओळखीच्या बोटीत हाताला लागणारी प्रत्येक वेगळी गोष्ट ही सूचना असते. अनोळखी बोटीत सगळेच वेगळे लागते, त्यामुळे खरी सूचना त्या वेगळेपणात बुडून जाते. डाव्या सुकाणूचे पाते खाली उतरले होते, पण त्याला खाली धरून ठेवणाऱ्या कुलपात बसले नव्हते. बोटीने वेग घेताच पाण्याच्या दाबाने ते मागे उचलले जाऊन तिरके झाले होते. तिरके झालेले पाते दांडा जड करते आणि वळवण्याची ताकद घालवते. मागे वळून पाहिले असते तर एवढेच दिसले असते, की एक पाते उभे आणि दुसरे तिरके आहे. मी वळून पाहिले नाही.

आडोसा संपला आणि वारा आला. जोडहलची बोट वेग घेते म्हणजे काय हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगणे कठीण आहे. ती कलत नाही, रेंगाळत नाही, एकदम सुटते. भाची आनंदाने ओरडली आणि मलाही फार आनंद झाला. त्या दोन-तीन मिनिटांत आम्ही किती पश्चिमेला गेलो याचा अंदाज मला राहिला नाही. पांढऱ्या फेसाची रेघ स्पष्ट दिसू लागली तेव्हा मी परतायचे ठरवले.

परतण्यासाठी वाऱ्याकडे चढत जायचे होते. मी बोट वाऱ्याच्या जवळ आणली. ती दक्षिणेकडे, भिंतीला समांतर धावू लागली. आता टॅक करायचा, म्हणजे नाळ (बोटीचे पुढचे टोक) वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला घ्यायची, की किनारा समोर येणार होता. “तयार?” असे विचारून मी एंटरप्राइझवर करतो तसा दांडा झटक्यात ढकलला. बोट वाऱ्यात तोंड घालून थांबली. शिडे फडफडली, बोट मागे सरकली आणि पुन्हा पूर्वीच्याच बाजूला पडली. दुसऱ्यांदा तसेच झाले आणि तिसऱ्यांदाही. दर खेपेला बोट वीस-तीस मीटर भिंतीकडे सरकत होती.

एकाच हलची बोट पोटातल्या पात्याभोवती गर्रकन फिरते. होबीला तसे पाते नसते आणि दोन लांब हल पाण्यात आडवे फिरवायचे असतात. तिच्यावर सुकाणू झटक्यात वळवले तर पाती ब्रेकसारखी लागतात आणि असलेला वेगही जातो. मागचे मोठे शीड घट्ट ओढलेले असेल तर ते बोटीला वाऱ्यात तोंड करून धरून ठेवते. म्हणून तिला सावकाश, वेग राखून वळवायचे असते. जिब लगेच सोडायची नाही, तिला उलट्या बाजूने वारा भरू द्यायचा, म्हणजे ती नाळ पलीकडे ढकलते. आणि त्याच वेळी मेनशीट हातभर सैल सोडायची. मी यांतले प्रत्येक काम नेमके उलटे करत होतो. भाचीला मी दर वेळी “जिब सोड, लवकर सोड” असे सांगत होतो, आणि तीही दोन हंगामांच्या सवयीने चटकन सोडत होती. एंटरप्राइझवर आम्ही दोघे याच चपळाईबद्दल शाबासकी मिळवत असू.

तिसऱ्या अपयशानंतर मी जाईब करायचे ठरवले, म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून उलट बाजूने पूर्ण वळसा घ्यायचा. तो निर्णय अगदी चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही, कारण टॅक जमत नसेल तर तोच मार्ग उरतो. पण त्याला वाऱ्याखाली मोकळे पाणी लागते आणि आमच्या वाऱ्याखाली भिंत होती. जाईब झाला. बोट दुसऱ्या बाजूला आली आणि त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला. आम्ही दोघे एंटरप्राइझच्या सवयीने बरेच पुढे बसलो होतो. वाऱ्याखालच्या हलची नाळ पाण्यात घुसली, बोट अडखळली आणि पुढच्या कोपऱ्यावरून कलंडली. मेनशीट अजून खाचेतच होती. हात तिच्याकडे गेला तोवर मी पाण्यात होतो.

पाणी दीड-दोन माणूस खोल असेल. डोलकाठीचे टोक तळाला टेकले, त्यामुळे बोट पूर्ण पालथी झाली नाही. एका हलवर आडवी राहिली. मी भाचीला हाक मारली आणि तिने लगेच “मी बोटीला धरून आहे, मामा” असे उत्तर दिले. आम्ही बोट सरळ करायचा प्रयत्न केला. दोघांचे मिळून वजन 110 किलो. वरच्या हलवरून दोरी घेऊन आम्ही मागे रेललो, पण घट्ट बांधलेल्या शिडात पाणी भरलेले होते आणि बोटीची पाठ वाऱ्याकडे होती, त्यामुळे ती हलली नाही. उलट मधले जाळीदार कापड आता शिडासारखे वारा घेऊ लागले, आणि डोलकाठीचे टोक वाळूतून फरफटत बोट वायव्येला जाऊ लागली.

त्यातच मला दुसरी गोष्ट जाणवली. वारा वायव्येला नेत होता, पण आम्ही त्याहून अधिक उत्तरेकडे, खिंडीच्या बाजूला सरकत होतो. बाहेरच्या लाटा दिवसरात्र भिंतीवर फुटून पाणी आत टाकत असतात आणि आत आलेले ते सारे पाणी खिंडीतून बाहेर पडते. भरती असो वा ओहोटी, हा ओढ चालूच असतो, आणि बाहेर लाटा मोठ्या असतील तेव्हा तो वाढतो. मुंबईत मी याबद्दल कधी विचार केला नव्हता, कारण तेथे त्याची गरजच नव्हती.

भाचीने विचारले, “मामा, भिंतीवर उभं राहता येईल का? जवळच दिसतेय.” मी म्हणालो, “नाही. काही झालं तरी बोट सोडायची नाही.” या एका बाबतीत आमचे शिक्षण कामी आले. फुटणाऱ्या लाटांत प्रवाळावर अनवाणी उभे राहणे म्हणजे पाय फाडून घेणे. त्या पाण्यात काटेरी सागरी साळी आहेत, विषारी दगडमासाही आहे. शिवाय पाण्यात सुटे डोके लांबून दिसत नाही, कलंडलेली बोट मात्र दिसते.

आणि ती दिसलीही होती. त्या वृद्ध गृहस्थांनी आमची बोट तिसऱ्यांदा मागे सरकताना पाहिली तेव्हाच, म्हणजे कलंडण्याच्याही आधी, मोटरबोटीचे इंजिन सुरू केले होते. कलंडल्यानंतर दहाएक मिनिटांत ते पोचले. त्यांनी प्रथम आम्हा दोघांचे चेहरे पाहिले, मग पाण्यात उतरून दोन्ही दोऱ्या खाचांतून मोकळ्या केल्या, पुढच्या बाजूने पोहत जाऊन बोटीची नाळ वाऱ्याकडे फिरवली, आणि मला शेजारी घेऊन दोरीवर रेलले. वारा कापडाखाली शिरला आणि बोट एका मिनिटात सरळ झाली. आमच्या प्रयत्नात कमी पडले होते ते फक्त वजन नव्हते. दोऱ्या सोडणे आणि नाळ फिरवणे ही दोन कामे आधी करायची असतात, आणि ती मी केली नव्हती.

मग त्यांनी मागे पाहिले, डाव्या सुकाणूचा दांडा वर उचलून पुन्हा खाली दाबला, आणि मान हलवली. कुलपातला प्लास्टिकचा भाग झिजलेला होता. तेथल्या लोकांना ते ठाऊक होते; ते ही बोट नेताना दांडा जोर लावून, आतून ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दाबत. उजव्याला तो आवाज आपोआप येई. डाव्याला आणावा लागे. ही गोष्ट भाड्याने बोट नेणाऱ्याला सांगायची, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

येथे जबाबदारीचा प्रश्न येतो आणि त्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. झिजलेला भाग बदलायला हवा होता, आणि बदलला नव्हता तर सांगायला हवा होता. त्यात बोटी भाड्याने देणाऱ्यांची चूक आहे. मात्र सुकाणू ठीक असते तरीही माझे टॅक फसलेच असते, इतका माझा हात चुकीचा पडत होता. दोन्ही कारणे एकमेकांत मिसळली होती. म्हणूनच मी किनाऱ्याजवळ दोन टॅक करून पाहिले असते तर दोन्ही एकदमच उघडी पडली असती. शंभर मीटरच्या आत, वारा मंद असताना, फसलेल्या टॅकची किंमत पाण्यात उतरून बोट ढकलत आणण्याएवढीच असते.

“चालवता येते ना?” या प्रश्नाबद्दलही मी बराच विचार केला. त्याचे “हो” हे उत्तर खरे होते आणि निरुपयोगी होते. त्यांनी विचारायला हवे होते की ही बोट चालवली आहे का, जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यात चालवली आहे का, आणि अशी बोट कलंडल्यावर सरळ केली आहे का. तिन्हींचे उत्तर “नाही” आले असते. मी विचारायला हवे होते की येथे बोटी अडकतात त्या कुठे, आणि या बोटीची कुठली खोड तुम्हाला माहीत आहे. हे प्रश्न विचारायला मला संकोच वाटला होता हे कबूल करणे आवश्यक आहे. वीस वर्षांचा अनुभव सांगून झाल्यावर नवशिक्याचे प्रश्न तोंडातून निघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गृहस्थांना एका तासाचे शिकवणीचे पैसे देऊ केले. त्यांनी अर्धेच घेतले. आम्हा दोघांना बसवून त्यांनी पुळणीपासून शंभर मीटरवर, पुन्हा पुन्हा, फक्त टॅक करायला लावले. “हळू,” एवढाच शब्द ते हिंदीत म्हणत असत, “धीरे, धीरे.” त्यांनी दांड्यावर माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मला कळले की मी अर्ध्या सेकंदात करत होतो ते काम ते चार-पाच सेकंद घेऊन करत होते. भाचीला त्यांनी जिब धरून ठेवायला सांगितले. नाळ वाऱ्यातून जाईपर्यंत, शीड उलटे फुगेपर्यंत धरायची, आणि मग सोडायची. पहिल्या सहा टॅकपैकी चार फसले. बोट अडकून मागे सरकू लागली की सुकाणू उलटे करायचे, बूम, म्हणजे मुख्य शिडाखालची आडवी दांडी, हाताने बाहेर ढकलायची आणि बोटीला मागच्या मागे फिरू द्यायचे, हेही त्यांनी दाखवले. अडकणे हे त्यांच्या लेखी अपयश नव्हते, तो बोटीचा स्वभाव होता आणि त्याच्यावर ठरलेला उपाय होता.

चौथ्या दिवशी आम्ही दोघे एकटे गेलो. सुकाणूवर भाची होती आणि जिब माझ्याकडे. आधी वाऱ्याकडे चढत दक्षिणेला जायचे आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा, असे तिनेच ठरवले. मेनशीट तिने एकदाही खाचेत अडकवली नाही. डाव्या सुकाणूत अजून नवा भाग बसवलेला नव्हता, म्हणून निघण्यापूर्वी गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने दोन्ही दांडे दाबले. उजवीकडून आवाज आला. डावीकडून आला नाही. तिने पुन्हा दाबला, कान जवळ नेला, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी जोर लावला, आणि “आला, मामा,” असे म्हणून ती बोटीवर चढली.